मराठी मालिकांखाली मराठी अक्षरं द्या: वाहिनीवाल्यांना आणि मालिका बनवणाऱ्यांना खुलं पत्र

मराठी वाहिन्यांचं प्रोग्रॅमिंग ठरवणारे, मालिकांचे निर्माते, दिग्दर्शक, संवाद लिहिणारे, एडिटिंगला रात्र रात्र बसणारे, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी वाईत राहते, नोकरी करते, आणि आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसातला टीव्ही लागतो तो माझ्या आईसाठी लागतो. आई ७४ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं ३६ वर्षं शिकवलं, जास्त करून तिसरी-चौथीला. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत त्यामुळे नजर चांगली आहे, पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचते, बीपीची एक गोळी सोडली तर औषध नाही. फक्त कान गेले.

माझं मागणं सरळ आहे. मराठी मालिका चालू असताना जे बोललं जातं ते खाली मराठीत लिहून यावं. इंग्रजीत नको, मराठीत. आई त्याला सबटायटल म्हणत नाही, ती "खालची अक्षरं" म्हणते, मीही तेच म्हणते.

आता तुम्ही म्हणाल टीव्हीचा आवाज वाढवा, कानाचं मशीन घ्या. सगळं करून झालंय हो. सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटलं, आवाज वीसचा तीस केला, तीसचा चाळीस केला, मुलीचा अभ्यास बंद पडला, वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा येऊन बघून गेल्या की घरात काही झालंय का, आणि एवढं करून आई म्हणायची, "आवाज येतोय गं, शब्द कळत नाहीत." मला ते वाक्य कळायला दोन वर्षं लागली. मग कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर धरून समजावलं, डावीकडून रेघ बऱ्यापैकी सरळ येते आणि उजवीकडे धाडकन खाली पडते. म्हणजे जाड आवाज ऐकू येतात, बारीक जातात. वय झालं की बहुतेकांचं असंच होतं म्हणाले. स, श, त, थ, क, फ ही व्यंजनं त्या बारीक आवाजांत येतात, म्हणून सात, हात, साथ, फाट हे सगळं तिला एकसारखंच "आ" ऐकू येतं, पुढचं मागचं तिनं अंदाजानं लावायचं. आवाज वाढवला की तो "आ" मोठा होतो, बाकी काही होत नाही.

मग मशीन घेतलं, दोन्ही कानांना. समोरासमोर बोलताना खूप फरक पडला, डॉक्टरांचे आभार. पण मालिकेत एवढं पार्श्वसंगीत असतं की मशीन ते आधी मोठं करतं आणि बोलणं त्याच्याखाली दबतं. सासूनं नुसतं वळून बघितलं तरी ढोल, तबला, विजेचा कडकडाट, आणि त्याच वेळी कुणीतरी हळू आवाजात महत्त्वाचं बोलत असतं. आई मशीन काढून टेबलावर ठेवते. ते डबीत शिट्टी वाजवत पडतं आणि ती नुसती बघत बसते.

तरी ती सगळं गमावत नाही, कारण ती ओठ वाचते. कुणी शिकवलं नाही, आपोआप जमायला लागलंय. समोरून चेहरा दिसला, उजेड नीट असला, तर अर्धं तिला कळतं. पण आपल्या मालिकांत एक गोष्ट असते ती तुम्ही कधी या बाजूनं बघितली नसेल. पात्रं मनातल्या मनात बोलतात. नायिका खिडकीशी उभी, डोळ्यांत पाणी, तोंड मिटलेलं, आणि मागून तिचाच आवाज येतो की आता मी हे कुणाला सांगू, उद्या सगळ्यांना कळलं तर काय होईल. पूर्ण मिनिट जातं त्यात. परवा असंच चाललं होतं आणि मी आईला म्हटलं, ती म्हणतेय की तिला सगळं माहीत आहे. आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तोंड मिटलंय की तिचं. मग कशावरून म्हणतेस ती बोलतेय?" मी गप्प झाले. म्हणजे गेली कित्येक वर्षं तिच्यासाठी ती मिनिटं नुसती शांत होती. तिला वाटायचं ही बाई बराच वेळ उभी राहते, एवढंच.

फोनवरच्या बोलण्याचं तसंच, पलीकडचा माणूस दिसत नाही. दाराआडून ऐकणाऱ्यांचं तसंच, आणि मालिकेची निम्मी गोष्ट तर दाराआडूनच पुढे सरकते. पाठमोरा माणूस बोलला की संपलं.

मग ती विचारते, "काय म्हणाली गं ती?" आता हे मी कबूल करते, मनापासून करते, कारण त्याच्यामुळेच हे पत्र लिहायला बसले. दिवसभर काम करून आल्यावर, कणीक मळता मळता, पाचव्यांदा काय म्हणाली ऐकल्यावर मी म्हणते, "काही नाही, भांडतायत." आणि आई म्हणते, "काही नाही कसं? पाच मिनिटं बोलत होत्या दोघी." बरोबर आहे तिचं. मी पाच मिनिटांचं दोन शब्दांत सांगते. माझ्या सांगण्यात ना कोण कुणाला टोमणा मारतंय ते येतं, ना कुणाचा आवाज कापला ते येतं. आयुष्यभर जी बाई पोरांना "उत्तर पूर्ण वाक्यात लिही" म्हणून सांगत आली तिला घरचं माणूस उत्तर देतंय "काही नाही". हळूहळू तिनं विचारणं कमी केलं. मला आधी बरं वाटलं, मग एके दिवशी लक्षात आलं की ती विचारत नाही म्हणजे तिला कळतंय असं नाही, तिनं सोडून दिलंय.

माझी मुलगी सहावीत आहे. तिनं मध्ये एक उद्योग केला, परीक्षेचं पॅड आणि स्केचपेन घेऊन आजीशेजारी बसायची आणि संवाद लिहून दाखवायची. "ती म्हणाली मी हे घर सोडुन चालले." लिहून होईपर्यंत पुढचा सीन आलेला असायचा, तो लिहीपर्यंत ब्रेक. आजीनं तिच्या हातातून पेन घेऊन "सोडुन"मधला उकार दीर्घ करून दिला आणि मग दोघी हसल्या. आठ-दहा दिवस चाललं ते. मग हिची चाचणी परीक्षा आली. पण त्या दहा दिवसांत आई जशी सरसावून बसायची तशी मी बऱ्याच वर्षांनी बघितली, अर्धी मालिका कळत होती तरी.

आणि एक सांगते. आईला क्रिकेटचं काही नव्हतं कधी, बाबा मॅच लावायचे तर ती पोळ्या करायला उठून जायची. आता ती मॅच बघते. का, तर स्कोअर लिहिलेला असतो, कोण खेळतंय लिहिलेलं असतं, किती ओव्हर राहिल्या लिहिलेलं असतं. बातम्या बघते कारण खाली पट्टी सरकते. पाककृतीचा कार्यक्रम बघते कारण साहित्य आणि प्रमाण लिहून येतं. ती अक्षरांच्या मागे मागे चॅनल बदलत गेली आणि मालिका सुटल्या. आपल्याच भाषेतल्या गोष्टी सुटल्या.

ही बाई मालिकांची किती होती ते सांगायला हवं नाहीतर तुम्हाला वाटेल वेळ जात नाही म्हणून बघत असेल. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आईची नोकरी त्याच्या पुढच्या वर्षीची. सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेली की मालकांच्या घरी जाऊन 'चिमणराव' बघायची, सतरंजीवर बसून, पन्नास माणसं एका खोलीत असायची म्हणते. मग १९९९ मध्ये 'आभाळमाया' सुरू झाली तेव्हा आमच्याकडे केबल आली, शीर्षकगीत लागलं की आई गॅस बंद करून यायची, कुकरची शिट्टी बाकी असली तरी. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई, कॉलेजात शिकवणारी, आई त्या मालिकेत स्वतःला शोधायची असं मला आता वाटतं. २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. दिलीप प्रभावळकर आबा झाले होते, आईनं पहिल्याच दिवशी ओळखलं, "अगं हा चिमणराव! म्हातारा झाला बघ." तेव्हा बाबा होते, मी होते, आजी होती, सगळे एकत्र बसायचो आणि कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. टिपऱ्यांच्या घरात कुणी हळू बोललं तरी आमच्या घरात ऐकू यायचं. संगीत कमी होतं हेही त्यातलं एक कारण असेल.

२०१६ ला 'रात्रीस खेळ चाले' लागली. कान तेव्हा बरे होते, पण मालवणी आम्हा घाटावरच्यांना कुठली कळायला? "खंय", "कित्याक", "माका", आई शेजारच्या कुडाळच्या वहिनींना दुसऱ्या दिवशी शब्द विचारून यायची, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. तेव्हा खालची अक्षरं असती तर आईसारख्या कितीतरी जणींनी मालवणी वाचायला शिकली असती. आता वऱ्हाडी, कोल्हापुरी, अहिराणी ढंगाचं बोलणं मालिकांत येतं ते फार चांगलं आहे, तेही लिहून आलं तर विदर्भातलं बोलणं कोकणात वाचलं जाईल. एकच विनंती, लिहिताना ते पुस्तकी करू नका. पात्र "काहून" म्हणालं तर "काहून"च लिहा, "का" लिहू नका.

आता तुमची बाजू. मी या धंद्यातली नाही पण वाचते, मुलाखती बघते. रोजची मालिका म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटांचा मजकूर, एपिसोडची बँक नसते, कधी कधी आज रात्रीचा एपिसोड आज संध्याकाळपर्यंत एडिटवर असतो. त्यात अक्षरं कधी टाकायची, हे मला समजतं. पण एक गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे. संवाद लिहिलेले असतात. कलाकार ते पाठ करतात म्हणजे कुणीतरी ते मराठीत, देवनागरीत टाइप केलेले असतात. सेटवर एखादं वाक्य बदलतं, कुणी आपलं चार शब्द घालतं, ते दुरुस्त करायला माणूस लागेल, पण कोऱ्या पानावरून सुरुवात नाहीये. मराठी नीट लिहिता येणारी, शुद्धलेखन येणारी कितीतरी पोरं काम शोधतायत. मशीननं आपोआप काढलेली अक्षरं मी मोबाइलवर आईला दाखवून बघितली, माणसांची नावं तर बघवत नाहीत अशी येतात, आईनं दोन मिनिटांत फोन परत दिला. मशीन वापरा हवं तर, पण नंतर माणसाची नजर फिरू द्या.

आणि एकदम रात्री आठच्या शोला नाही जमलं तरी चालेल. तुमचा तोच एपिसोड दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी पुन्हा लागतो ना, तिथून सुरू करा. मधे बारा-पंधरा तास मिळतात. आई दुपारी एकला बघेल, आनंदानं बघेल, घरातली बरीचशी म्हातारी माणसं दुपारीच मोकळी असतात. तुमच्या ॲपवर टाका, तिथं ज्याला नको तो बंद करू शकतो. ज्या मालिका संपल्या आहेत त्यांना तर घाईच नाही, एकेक जुनी मालिका काढून तिला अक्षरं घाला, आम्ही परत पहिल्यापासून बघू.

सध्या काय होतं, ॲपवर मराठी सिनेमा किंवा वेब सीरिज लावली की बहुतेक वेळा अक्षरं असतात ती इंग्रजी. थिएटरमध्येसुद्धा मराठी सिनेमाखाली इंग्रजी. ते दुसऱ्या भाषेच्या लोकांसाठी आहे, असू दे, चांगलंच आहे. पण म्हणजे मराठी न येणाऱ्याला मराठी सिनेमा कळावा याची सोय झाली आणि जिनं पिढ्यान्‌पिढ्या पोरांना मराठी लिहायला शिकवलं तिला कळावं याची नाही झाली. हे मला खरंच लागतं. माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये असतो, आई एकदा जाऊन आली, तिथं त्याच्या सासऱ्यांसाठी टीव्हीवर सगळ्याला अक्षरं लावलेली असायची. बीबीसीच्या मुख्य चॅनलवर २००८ पासून सगळ्याच कार्यक्रमांना अक्षरं असतात. अमेरिकेत १९९३ पासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत ही सोय असलीच पाहिजे असा कायदा आहे. आई परत आल्यावर मला म्हणाली होती, "तिकडं त्यांच्या भाषेत लिहून येतं सगळं." तेव्हा तिला ऐकू येत होतं म्हणून आम्ही ते विसरून गेलो.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधला, त्याच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांत बोलणं लिहून दाखवायची आणि खाणाखुणांच्या भाषेची सोय करायची असं आलंय. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं ऐकू न येणाऱ्यांसाठी टीव्ही कार्यक्रम कसे असावेत याची मानकंही काढली. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांच्या वर लोक नोंदलेत, आणि आईसारखी माणसं त्यात स्वतःला धरतच नाहीत, ती "जरा कमी ऐकू येतं" म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते साठीच्या पुढच्या दर चार माणसांमागे एकापेक्षा जास्त जणांना रोजच्या जगण्यात अडचण येईल इतकं कमी ऐकू येतं. तुमच्या प्राइम टाइमला घरोघरी टीव्हीसमोर कोण बसलेलं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांचं तर मी बोललेच नाही, त्यांच्यासाठी ही अक्षरं म्हणजे घरात रोज मराठी वाचायची जागा. ब्रिज कोठारी म्हणून आहेत, त्यांनी १९९६ पासून हाच ध्यास घेतलाय, गाणं ज्या भाषेत त्याच भाषेत खाली शब्द. दूरदर्शनच्या 'रंगोली'त गाण्यांखाली शब्द यायचे, म्हणताना रंग बदलत जायचा, आठवत असेल तुम्हाला. त्यांचा मुद्दा वाचायला शिकणाऱ्यांचा होता, की नुकतं अक्षर ओळखायला लागलेलं माणूस गाणं बघता बघता आपोआप वाचत जातं. पुण्या-मुंबईत वाढणारी, इंग्रजी शाळेत जाणारी आपली मुलं, परदेशातली मराठी मुलं, सगळ्यांना याचा उपयोग आहे. माझ्या मुलीचं ऱ्हस्व-दीर्घ तर सुधारेलच.

केलंत तर काही गोष्टी सांभाळा, हे मी आईला विचारून लिहितेय. अक्षर मोठं असू द्या, देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, दोन ओळी चिकटल्या की "ट्र" आणि "द्ध" ओळखू येत नाही. मागे काळी पट्टी हवी, पांढऱ्या साडीवर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. खालून जाहिरात सरकत येते ती अक्षरांवर येऊ देऊ नका. दिसत नसलेलं माणूस बोललं तर आधी त्याचं नाव. दार वाजलं, फोन वाजला, बाहेर कुणी रडतंय, हेही लिहा, कारण पात्र दचकून वळतं आणि आईला का ते कळत नाही. आणि मनातलं बोलणं वेगळं दिसेल असं लिहा, तिरकं करा, रंग बदला, काहीही करा, पण कळू दे की ती खिडकीशी नुसती उभी नाहीये.

मी एका वाहिनीला मेल केला होता, आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे एवढंच उत्तर आलं. म्हणून हे उघड लिहिलं. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी हे पुढे पाठवा, मालिकेत काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना आवर्जून पाठवा. कलाकारांनो, तुम्ही मनावर घेतलंत तर लवकर होईल, तुमचा चेहरा आईला पाठ आहे, तुम्ही काय बोलता तेवढंच तिला माहीत नाही.

आणि सुरुवातीला करून बघायला, बरोबर येतंय का ते तपासायला प्रेक्षक हवे असतील तर आमच्याकडे एक आहे. दुपारी एक ते चार मोकळी असते. एकही ओळ सोडणार नाही, आणि कुठं वेलांटी चुकली तर लाल पेननं लिहून कळवेल.

आपली,
वाईची एक प्रेक्षक